मेलिसाची बरणी

टेबलावर सात बाटल्या होत्या. सहा पूर्ण मापाच्या, एक अर्ध्या मापाची. त्यांच्यासमोर स्टीलचे सात पेले, प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आकडा. शंभर मिलिलिटरची एक मोजनळी, एक हायड्रोमीटर, एक तापमापी, पाण्याचा जग, मारी बिस्किटांचा अर्धा पुडा आणि माझी वही. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आते आगाशीला आमंत्रणं द्यायला गेली होती आणि चारच्या आत परत येणार नव्हती. म्हणजे माझ्याकडे एकशे दहा मिनिटं होती.

"सातच पेले?" ऑल्विनने विचारलं. "आपण दोघं आहोत."

"तू पिणार नाहीयेस. तू चव घेणार आहेस."

"फरक काय?"

"पाच मिलिलिटर एवढाच."

ऑल्विन माझा चुलतभाऊ. बँकेत नोकरीला होता आणि त्या बुधवारी पोट दुखतंय असं सांगून आला होता. बाटल्या त्याच्याच स्कूटरच्या डिकीतून आल्या होत्या. मेलिसाचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न रविवारी होतं. घरात काय झालंय हे आम्हां दोघांनाच माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

पहिल्या पेल्यात गुलाबी वाईन होती. गुलाबी म्हणजे गोड असं मी का धरलं होतं ते आज सांगता येणार नाही. बहुधा सरबतामुळे. मोजनळी भरली, हायड्रोमीटर सोडला, तो डोलायचा थांबल्यावर डोळा पातळीला आणून वाचलं. ०.९९६.

"म्हणजे?" ऑल्विन म्हणाला.

"साध्या पाण्यात ही तरंगणी एकवर थांबते. साखर असेल तर वर येते, मद्य असेल तर खाली जाते. यात साखर जवळपास नाही."

त्याने घोट घेतला आणि एक डोळा मिटला. "अगं, चिंच आहे ही."

दुसरी पांढरी. तिला पिकलेल्या पेरूचा वास येत होता, बाटलीवरही फळांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ऑल्विन खूश झाला. "हीच! गोड आहे."

"नाक दाबून पी."

तो नाक दाबून प्यायला. मग बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. "लिंबू," तो म्हणाला. "वास पेरूचा आणि आत लिंबू. फसवणूक आहे ही."

मी वहीत लिहिलं : वास गोड, चव नाही. ०.९९९. दोन वाजून सव्वीस मिनिटं.

मला हवा होता १.०४२. हा आकडा मी कोणत्याही पुस्तकातून घेतला नव्हता. तो मेलिसाच्या बरणीतला होता.

आमच्या घरात लग्नाचा टोस्ट कार्मेलीन आतेच्या वाईनने व्हायचा. ती पप्पांची मोठी बहीण. मी चार वर्षांची असताना मम्मी गेली, तेव्हापासून आम्हां दोघी बहिणींना तिनेच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. पण घरात, शेजारात, पार निर्मळ गावापर्यंत जिथे लग्न असेल तिथे टोस्टची बरणी तिची. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, लवंगा. माप कशालाच नाही. विचारलं तर म्हणायची, "हाताला कळतं." मेलिसाची बरणी तिने मागच्या वर्षी फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात भरली होती. तेव्हा मी मुंबईत वसतिगृहावर, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. फोनवर तिने सांगितलं होतं, "ही शेवटची गं. आता द्राक्षं कुस्करायला बोटं वळत नाहीत." बरणीच्या तोंडावर फडकं बांधून त्यावर मेलिसाच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याची लेसची पट्टी गुंडाळली होती. प्रत्येक मुलीच्या बरणीला तिच्याच झबल्याची पट्टी, ही आतेची रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव पडला की ती पट्टी सोडायची. त्याआधी बरणीला हात लावायचा नाही.

मी लावला. निकाल लागून सहा महिने झाले होते, तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि एकाही ठिकाणाहून उत्तर येत नव्हतं. घरात दिवसभर करायला काही नव्हतं. मी एक हायड्रोमीटर विकत आणला आणि घरातलं जे जे पातळ ते मोजायला लागले. दूध, ताडी, व्हिनेगर, विहिरीचं पाणी. सहा डिसेंबरला कोठीत शिरून पट्टी सोडली, गाठ कशी होती त्याचा फोटो काढून ठेवला आणि मेलिसाची वाईन मोजली. १.०४२. आठवड्याने पुन्हा मोजली. १.०४२.

माझ्या पाठ्यपुस्तकात याला नाव होतं. किण्वन मध्येच थांबलं, साखर तशीच राहिली, म्हणजे यीस्ट निकामी झालं. अशी वाईन कधीही पुन्हा उसळू शकते, बिघडू शकते, असं तिथे लिहिलं होतं. लग्नाच्या दिवशी अडीचशे माणसांसमोर ती बिघडलेली निघाली तर? आतेला मापाबद्दल विचारण्यात अर्थ नव्हता. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून पाच ग्रॅम ताजं यीस्ट आणलं, कोमट पाण्यात जागं केलं, बरणीत ओतलं आणि फोटोत बघून गाठ परत बांधली. मला वाटलं, मी बरणी वाचवली.

तीन जानेवारीला मोजली तेव्हा ०.९९८. साखर संपली होती. चव घेतली तर कोरडी, आंबट, जिभेच्या कडा ओढून घेणारी. लग्नाला सात दिवस होते.

"साखर घाल की मग," ऑल्विन त्याच दिवशी म्हणाला होता. मी एका बाटलीत घालून पाहिली. साखर वेगळी लागत होती, आंबट वेगळं. सकाळी कोठीत आवाज झाला आणि बूच छताला लागून कणग्यामागे पडलं. यीस्ट जिवंत होतं. आयतं खायला मिळाल्यावर ते कशाला थांबेल?

म्हणून सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा वाईनच्या दुकानासमोर उभी राहिले. आत जायच्या आधी फुटपाथवर दोन फेऱ्या मारल्या, न जाणो चर्चमधलं कोणी दिसलं तर. काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांना सगळे भोईरकाका म्हणत होते.

"गोड वाईन हवी," मी म्हटलं.

"गोड म्हणजे किती गोड?"

"लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, वाईन हवी की शिरा?"

"लग्नासाठी हवी आहे. टोस्टला."

"मग असं बोला ना. किती माणसं?"

"अडीचशे. आणि फार महाग नको. बाटली तीनशेच्या आत."

"अडीचशे माणसं, तीनशेच्या आत, आणि गोड." त्यांनी बोटं मोडली. "नवरा तरी मिळालाय ना नक्की?"

मी हसले नाही. बाटल्या हातात घेऊन मागची अक्षरं वाचत राहिले. मद्य किती टक्के ते होतं, गाव होतं, कशाबरोबर खावं ते होतं. साखर किती हे एकाही बाटलीवर नव्हतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "पंचवीस वर्षं विकतोय, कधी कोणी विचारलं नाही. लोक रंग बघतात नि किंमत बघतात." मग मी वसईतली दोन दुकानं, विरारचं एक आणि नालासोपाऱ्याचं एक, अशी चार पालथी घातली आणि प्रत्येक जातीतली स्वस्तातली एकेक उचलली. सातवी अर्ध्या मापाची बाटली तेवढी महाग होती. ती द्राक्षं वेलीवरच सुकू देऊन उशिरा तोडतात, असं विरारच्या माणसाने सांगितलं होतं.

तर बुधवारी दुपारी आम्ही तिसऱ्या पेल्यावर आलो. १.००४. चौथी लाल, बाटलीवर ठसठशीत अक्षरांत गोड असं लिहिलेलं, तरी १.०१२. फाटकाचा आवाज आला म्हणून मी सगळ्यावर टेबलक्लॉथ ओढला. पोस्टमन होता.

"तू घामाने भिजलीयस," ऑल्विन म्हणाला. "जानेवारीत."

"पुढची दे."

पाचवी भोईरकाकांच्या दुकानातली. सगळ्यांत खालच्या फळीवरची, धूळ बसलेली, जिला ते नुसतं पोर्ट म्हणत होते. किंमत सातांत सर्वांत कमी. १.०२४.

ऑल्विनने घोट घेतला आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. "नाताळ," तो म्हणाला. "ही नाताळासारखी लागते."

सहावी तसलीच, १.०२१. आणि सातवी, ती अर्धी, १.०३६. मधासारखी, सुक्या जर्दाळूसारखी, आणि इतकी आंबटगोड की गिळल्यावरही जीभ तिलाच शोधत राहिली. गोड आणि आंबट एकाच वेळी पूर्ण असू शकतात हे मला तेव्हा कळलं. पण टोस्टपुरती घ्यायची तर तीस बाटल्या लागल्या असत्या, आणि तेवढ्या पैशांत मेलिसाची साडी आली असती.

"पाचवी," मी म्हटलं. "चौदा बाटल्या. उरलेली गोडी मनुकांच्या पाकाने भरून काढायची. अर्धा किलो साखर पुरे, मी हिशोब केलाय. यात मद्य जास्त आहे आणि यीस्ट नाही, त्यामुळे ही उसळणार नाही."

"आणि आतेला कळणार नाही?"

"आकडा तोच असेल."

"मी आकड्याचं नाही विचारलं, शेरल."

तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी पेले धुवायला घेतले.

गुरुवारी भोईरकाकांनी चौदा बाटल्या खोक्यात भरल्या. "मॅडम, ही तर आमचे म्हातारे लोक खोकल्यावर नेतात," ते म्हणाले. "पण गोडीला एक नंबर. लग्नाला आम्हांला बोलवा." शुक्रवारी संध्याकाळी आते मेलिसाला घेऊन कन्फेशनला गेली. आम्हांला सत्तर मिनिटं मिळाली. बरणीतली बिघडलेली वाईन मी पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये काढली. फेकवेना. फडक्यातून गाळून घेतली, तळाचे गहू आणि गाळ काढून टाकला, बरणी घासली, चौदा बाटल्या ओतल्या, पाक ओतला, लवंगा टाकल्या, लाकडी डावाने ढवळलं आणि मोजलं. १.०४१. फोटो बघून गाठ बांधली. कॅन कोठीच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणग्यामागे ढकलला. हात धुतले तरी बोटांना लवंगांचा वास येत होता. जेवताना मी हात मांडीखाली घेऊन बसले आणि आतेने विचारलं, "भूक नाही का?"

शनिवारी मांडव पडला. दारात केळीचे खांब उभे राहिले, मामा आले, ओट्यावर बायका गाणी म्हणायला बसल्या. पाच वाजता आतेने कोठीतून बरणी ओट्यावर आणायला लावली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. तिने गाठीकडे पाहिलं, पट्टी सोडली, घडी करून कमरेला खोचली. फडकं उचललं, वाकली, वास घेतला. मग डाव पार तळापर्यंत घातला आणि वर काढून नुसता बघितला. प्यायली नाही.

"कशी झालीय, कार्मेली?" कोणीतरी विचारलं.

"बसू दे जरा," आते म्हणाली. "हलवलीय ना. चहा घ्या सगळ्यांनी." आणि मग माझ्याकडे न बघता, "शेरल बाय, तुझं ते काचेचं घेऊन माझ्या खोलीत ये."

मी मोजनळी, हायड्रोमीटर आणि तापमापी घेऊन गेले. ओट्यावरच्या बायकांना दिसू नये म्हणून सगळं टॉवेलात गुंडाळलं होतं. तिने दार लोटलं आणि खाटेवर बसली. तिची खाट कोठीच्या भिंतीला लागून होती.

"किती दुकानं फिरलीस?"

मी म्हटलं, "चार."

"वास बरा आणलायस. लवंगा चार जास्त झाल्या. आणि गहू कुठेत? माझ्या बरणीच्या तळाला गहू नाहीत असं कधी झालंय?"

मी टॉवेल सोडून नळी खाटेवर ठेवली.

"डिसेंबरात मधल्या रविवारी बरणी बोलायला लागली," ती म्हणाली. "बुड-बुड, बुड-बुड. उन्हाळ्यापासून गप्प झालेली बरणी. मी इथे भिंतीला कान लावून झोपते, मला कळणार नाही?"

"मला वाटलं ती अडकलीय. पुस्तकात लिहिलंय की..."

"अडकली नव्हती, दमली होती. मी साखर घालतेच तेवढी, की तिने खाऊन खाऊन दमावं आणि उरलेली आपल्याला ठेवावी. तू दमलेल्या माणसाला उठवून पुन्हा कामाला जुंपलंस."

"तुला माहीत होतं, तर थांबवलं का नाहीस? पहिल्या दिवशी वाचली असती."

"असती." तिने कमरेची लेसची पट्टी काढून मांडीवर सरळ केली. "म्हटलं, आज येऊन सांगशील. मग म्हटलं, उद्या सांगशील. नाताळच्या मिस्साला तू माझ्या शेजारी बसलीस, तेव्हा वाटलं आता सांगणार. बरणी गप्प झाली, तरी तू गप्पच."

बाहेर बायकांचं गाणं कडव्याच्या शेवटी चढलं आणि मोठ्याने हशा झाला. कोणीतरी नवऱ्याच्या आईवर जुळवून म्हटलं असावं.

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं. "पण आधी मला दुरुस्त करायचं होतं."

"हो. ते दिसलंच." ती उठली. "चौदा बाटल्या ना? कचऱ्याच्या डब्यात नको होत्या टाकायला, मी मोजल्या. बरी आहे चव, काल रात्री पट्टी सोडून घेतली मी वाटीभर. बँडवाल्यांना देऊ उद्या. त्यांना गोड लागलं की ते जोरात वाजवतात."

"आणि टोस्टला?"

तिने खाली वाकून खाटेची चादर वर केली. तिची पत्र्याची ट्रंक ओढायला सांगितली. मी ओढली. ट्रंकेमागे, भिंतीला लागून, मेलिसाच्याच मापाची दुसरी बरणी होती. तोंडावर फडकं आणि फडक्यावर पट्टी. लेसची नव्हे, पांढऱ्या सुती कापडाची, त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेली बारीक फुलं. झबल्याचं हे कापड मी फक्त एका फोटोत पाहिलं होतं. त्या फोटोत मी तीन आठवड्यांची होते आणि फादरांच्या हातात रडत होते.

"आते, ही नको."

"का नको? एकाच दिवशी भरल्यात दोन्ही. एकाच द्राक्षांच्या."

"तू म्हणाली होतीस शेवटची."

"शेवटचीच म्हटलं होतं. एकच असं कुठे म्हटलं?" ती बरणीशेजारी जमिनीवर बसली. पट्टीच्या गाठीशी तिची बोटं बराच वेळ झटत राहिली. गाठ सुटेना. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला. "थांब. बांधली मी, सोडेनही मीच."

गाठ सुटली. तिने पट्टी माझ्या हातात दिली.

"कणग्यामागच्या कॅनचं काय करू?" मी विचारलं.

"बाटल्यांत भर. चांगल्या बुचाच्या. ती तुझी." तिने फडकं उचललं आणि ट्रंकेआड ठेवलेला डाव घेतला. "साखर घालू नकोस तिच्यात."

ओट्यावरून मेलिसाने हाक मारली, "आते, सगळे विचारतायत!"

"आले गं! पाच मिनिटं!" आते ओरडली आणि डाव बरणीत घालून वर काढला. काळपट लाल, तळाचे दोन गहू त्यात तरंगत होते. तिने डाव माझ्यासमोर धरला.

"आधी माप," ती म्हणाली. "नाहीतर उद्या म्हणशील, आतेने अंदाजाने केली."

मी नळी भरली. फरशीवर ठेवली, हायड्रोमीटर सोडला, बोटांनी हलकेच फिरवला आणि बुडबुडे सुटून तो थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पोटावर पडून डोळा पातळीला आणला.

तापमान सव्वीस अंश. १.०४२.